फिरता पाळणा

माझ्या मुलाच्या जन्माआधी दारात आलेला पाळणा मी परत पाठवला, त्याला आता चाळीस वर्षं होतील. मुलाला हे माहीत नाही. त्याच्या वडिलांना माहीत होतं, पण 'बायकांच्या भानगडी' म्हणून त्यांनी कधी त्यात डोकं घातलं नाही. म्हणजे ठपका ठेवायला मी एकटीच उरते, आणि ते बरोबरच आहे.

आम्ही तेव्हा दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात राहत होतो. हे एका मंत्रालयात असिस्टंट, मी दुसऱ्या एका ऑफिसात यूडीसी, म्हणजे कारकून. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे एवढंसं अंगण, असं सरकारी क्वार्टर. आजूबाजूला पंजाबी, बंगाली, मल्याळी, आणि चार ब्लॉक सोडून एखादं मराठी घर. दिल्लीतली मराठी माणसं एकमेकांना बरोबर हुडकून काढतात. गावाकडे ज्यांच्याशी दोन शब्द बोललो नसतो त्यांच्याकडे इथे हक्काने पिठलं-भाकरी खायला जातो.

ह्या मराठी घरांमध्ये एक पाळणा फिरायचा. कुणी एक सावंतवाडीकडचे साहेब बदलीवर येताना तो रंगीत लाकडी पाळणा घेऊन आले होते, आणि रिटायर होऊन परत जाताना शेजारच्या बाळंतिणीला देऊन गेले. तिच्याकडून तो पुढच्या घरी गेला, तिथून त्याच्या पुढच्या. हळूहळू त्याचे नियमही ठरले. ज्या बाईकडे पाळणा असेल तिने पुढचीला सात महिने भरले की तो धुऊन-पुसून, नवी दोरी लावून स्वतः नेऊन द्यायचा. रिकामा न्यायचा नाही, आत नारळ ठेवायचा. आणि बारसं झालं की त्याच्या एका फळीवर पितळेचा लहानसा खिळा ठोकायचा. माझी पाळी आली तेव्हा दहा खिळे झाले होते. त्यात ब्राह्मण होते, मराठे होते, नगरकडचं एक ख्रिस्ती कुटुंब होतं. गावी राहिली असती तर ह्यातली निम्मी माणसं एकमेकांच्या घरी पाणी प्यायली नसती.

दहावा खिळा पलीकडच्या ब्लॉकमधल्या वहिनींच्या मुलाचा. वय सारखंच असलं तरी मी त्यांना वहिनी म्हणायची आणि त्या मला ताई. मूळच्या नागपूरच्या, घर बौद्ध, नवरा ऑडिटमध्ये. त्यांच्या मुलाच्या नामकरणाला आम्ही सगळ्या मराठी बायका गेलो होतो. त्रिशरण-पंचशील झालं, मग खीर-पुरी. मी दोनदा खीर मागून घेतली आणि घरी येताना मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आपण किती सुधारलेल्या, आपल्याला काही वाटत नाही. दुसऱ्याच्या घरी पोटभर जेवायचं आणि वर त्याचं श्रेयही आपणच घ्यायचं, असा तो मामला. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही.

ते बाळ दोन महिन्यांचं होऊन गेलं. जानेवारीची थंडी होती, छाती भरली, तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होतं आणि तिथेच गेलं. पाळण्याचा त्यात काडीचा संबंध नव्हता. हे मला तेव्हाही नीट कळत होतं, म्हणून तर जास्त लाज वाटते.

एप्रिलमध्ये मला दिवस गेल्याचं कळलं. आई आदल्याच वर्षी गेली होती, त्यामुळे पहिलं बाळंतपण असून माहेरी न्यायला कुणी नव्हतं. वडिलांनी जुनी धोतरं धुऊन पार्सलने पाठवली, बाळाच्या लंगोटांसाठी. त्यांना तेवढंच सुचलं आणि तेवढंच त्यांच्या हातात होतं. सासूबाई कराडहून नोव्हेंबरात यायच्या होत्या. मधले महिने मला सांभाळलं ते वहिनींनी. मला कणकेचा वास सहन होईना, तर त्या दुपारी ज्वारीची भाकरी आणि झुणका फडक्यात बांधून आणायच्या. ज्वारीचं पीठ दिल्लीत सहजासहजी मिळत नसे, ते त्या नागपूरहून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून मागवायच्या. स्वतःच्या घरातलं बाळ जाऊन सहा महिने झाले नव्हते आणि ही बाई माझ्यासाठी भाकऱ्या थापत होती.

एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी मागच्या अंगणात वडिलांची धोतरं कापत बसलो होतो. वहिनी मापं सांगत होत्या. लंगोट एवढे, दुपटी एवढी, दुपट्यांना जुनी साडीच घ्या, नवं कापड बाळाला टोचतं. दिल्लीची थंडी आहे, कुंचीला आतून फ्लॅनेल लावा. हे सगळं त्यांना वर्षभरापूर्वीच पाठ झालेलं होतं. बोलता बोलता त्यांनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, पाळणा एकदा तुमच्याकडे गेला की मला बरं वाटेल. माझ्या बाळाचा खिळा शेवटचा राहायला नको."

मी म्हटलं, अहो बिल्कुल, माझ्याकडे नाही तर कुठे जाणार तो? मनापासून म्हटलं. त्यांचे डोळे भरून आले तेव्हा माझेही आले.

इथवर माझ्या वागण्यात खोट नव्हती, असं मला वाटतं.

सातव्या महिन्यात एक दिवस ऑफिसात जेवणानंतर माझ्या लक्षात आलं की सकाळपासून पोटात हालचाल नाही. फाइल समोर उघडी ठेवून मी पोटावर हात धरून बसले. चार वाजले तरी काही नाही. ह्यांना फोन केला, स्कूटरने हॉस्पिटल गाठलं, तिथे रांगेत तास काढला. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि हसून सांगितलं की बाळ ठीक आहे, झोपलं असेल. घरी येताना स्कूटरवरच त्याने लाथ मारली. मी रडले, हसले, देवापुढे दिवा लावला. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्या दिवसापासून डोळ्यांपुढे तो पाळणा यायला लागला. त्याच गादीच्या जागी आपलं बाळ, त्याच दोरीला आपला हात. मी स्वतःशी वाद घालायची, बी.एस्सी. झालेली बाई तू, काय हा अडाणीपणा. वाद मी जिंकायची आणि भीती तिथेच राहायची. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, तुला पटेल ते कर. नवऱ्यांचं हे वाक्य मोठं सोयीचं असतं.

वहिनींशी बोलायला मला तीन आठवडे मिळाले होते. मी काही बोलले नाही. त्या भाकरी आणत राहिल्या आणि मी खात राहिले.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी दारात सायकलरिक्षा थांबली. त्यात पाळणा, एका बाजूने वहिनींनी धरलेला, दुसऱ्या बाजूने त्यांच्या नवऱ्याने. लाकडाला तेल पाजलेलं, दोरी नवी कोरी पांढरी, आत नारळ. नारळाला कुंकू लावलं होतं. त्यांच्या घरात ती पद्धत नव्हती, पण आमच्यात असते म्हणून आठवणीने लावलं होतं. वहिनींनी नवी साडी नेसली होती. बाळ गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच असं नटलेलं पाहत होते.

मी दारातच उभी राहिले. आत या म्हटलं नाही.

"वहिनी, अहो, आम्ही नवा पाळणा सांगून ठेवलाय," मी म्हटलं. आणि तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण खोटं बोलणाऱ्याला एका कारणावर भागत नाही. मी पुढे म्हटलं, "आणि आमच्या सासूबाई येणार आहेत ना. त्या जुन्या वळणाच्या आहेत. त्यांना नाही चालायचं."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. त्या दोघांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी जे आलं ते पाहून मला लख्ख कळलं की त्यांनी काय अर्थ काढला. जुन्या वळणाची सासू, कराडहून येणार, आणि बौद्धांच्या घरातून आलेली वस्तू तिला चालायची नाही. दुसरा कुठला अर्थ त्यांनी काढावा? आयुष्यभर त्यांना हाच अनुभव असणार.

त्याच क्षणी मी ते खोडू शकले असते. पण खोडायचं म्हणजे खरं सांगायचं, आणि खरं हे होतं की तुमचं बाळ गेलं म्हणून मला तुमचा पाळणा नको. ते माझ्या तोंडून निघेना. मग मी त्यांना तसंच समजू दिलं. दोन वाईट गोष्टींतली मला जी सोपी होती ती मी निवडली.

"अच्छा," वहिनी म्हणाल्या. एवढंच. त्यांचे यजमान रिक्षावाल्याला म्हणाले, चलो भैया, वापस. रिक्षा वळताना नारळ पाळण्यात इकडून तिकडे गडगडला. हे आतून दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून बाहेर आले आणि विचारू लागले, अगं, आत का नाही घेतला. मी त्यांच्यावरच ओरडले. कशावरून ओरडले ते आठवत नाही.

त्यानंतर भाकरी यायची बंद झाली. मीही गेले नाही.

सासूबाई आल्या त्या पत्र्याच्या ट्रंकेसकट. त्यात डिंक, आळीव, खारीक, वेखंड, बाळगुटी, त्यांच्या चार जुन्या साड्या, शिवाय शेकासाठी ओव्याचं गाठोडं. ओवा दिल्लीत मिळतो हे त्यांना पटतच नव्हतं. आल्या दिवसापासून त्यांनी घराचा ताबा घेतला. माझा पलंग खिडकीपासून हलवला, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, शेगडी अंगणातून आत आणली. मला त्यांचा राग यायचा, आणि त्या नसत्या तर मी काय केलं असतं हेही कळायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अडकित्त्याने खारका फोडताना त्यांनी विचारलं, पाळण्याचं काय? ह्यांनी त्यांना पत्रात लिहिलं होतं की इथे मराठी लोकांचा एक पाळणा फिरत असतो.

मला वाटलं, निदान सासूबाईंना तरी माझं पटेल. म्हणून सगळं सांगितलं. त्यांचं नाव पुढे केलं तेही सांगितलं, जरा हसतच.

सासूबाईंचा अडकित्ता थांबला. "माझी पहिली दोन गेली," त्या म्हणाल्या. "एक सव्वा महिन्याचं, एक वर्षाचं. तुझा नवरा तिसरा. तो त्याच पाळण्यात वाढला. मी काय पाळणा जाळायला हवा होता?"

मला हे माहीत नव्हतं. ह्यांनी कधी सांगितलं नव्हतं, कदाचित त्यांनाही कुणी नीट सांगितलं नसेल.

मग म्हणाल्या, "आणि माझं नाव का घेतलंस? मी त्या पोरीला डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नाही. उद्या जा आणि पाळणा घेऊन ये."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पाय सुजले होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी धुकं होतं. मग हे म्हणाले की तू नवा सांगितलाय म्हणालीस ना, मग आणायला तर हवा, नाहीतर खोटं उघडं पडेल, आणि एक लोखंडी पाळणा घेऊन आले. तो हलवला की कुरकुरायचा. सासूबाईंनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, त्यांनी आपल्या साडीची झोळी बांधली आणि माझा मुलगा पहिले चार महिने त्या झोळीतच झोपला.

बारशाला मी वहिनींना बोलावलं. न बोलावून कसं चाललं असतं, सगळ्या मराठी बायका येणार होत्या. त्या येतील असं वाटलं नव्हतं, पण आल्या. हाताने विणलेला पिवळा स्वेटर आणि टोपरं घेऊन आल्या आणि दाराशेजारच्या खुर्चीवर बसल्या. बाळाला हात लावायला पुढे आल्या नाहीत. मीही त्यांच्याकडे बाळ दिलं नाही. बाकीच्या चौघींच्या मांडीवर ते फिरून आलं. मला ते दिसत होतं आणि मी दुसरीकडेच बघत होते.

सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, मला न विचारता बाळ उचललं आणि वहिनींच्या मांडीवर ठेवलं. "घे बाई," म्हणाल्या. "सगळ्यांनी घेतलं, तू का लांब?" मग तिथेच त्यांच्याजवळ जमिनीवर बसून नागपूरच्या संत्र्यांची चौकशी करायला लागल्या. वहिनींनी पाणी मागितलं तर आपल्या भांड्यातलंच पुढे केलं.

वहिनींनी सासूबाईंकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. बराच वेळ पाहत राहिल्या. जुन्या वळणाच्या सासूचं काही नव्हतं, हे त्यांना कळलं. म्हणजे जे काही होतं ते हिचंच. दोनदा खीर मागून घेणारीचं. त्या नजरेचा अर्थ मला शब्दाशब्दाने वाचता आला, आणि मी सगळ्यांना पेढे वाटायला उठले.

पाळणा त्यांच्याकडेच राहिला. दोन महिन्यांनी रत्नागिरीकडच्या एका बाईंना सातवा लागला. भाजीच्या गाडीवर त्यांनीच मला सांगितलं, वहिनींनी विचारलं होतं, पण तुम्ही नाही घेतलात ना, मग आम्ही कशाला रिस्क घ्यायची? इतकी वर्षं फिरणारा पाळणा माझ्या दारातून परत गेला आणि त्याचं फिरणंच संपलं. लोकांना कुणीतरी पहिला लागतो. मी गवार निवडत राहिले.

पुढच्या वर्षी वहिनींना दुसऱ्या कॉलनीत मोठं क्वार्टर मिळालं. नंतर कानावर आलं की त्यांना मुलगी झाली. मी एक कार्ड आणलं होतं, ते पाठवलं नाही.

मधली तीसेक वर्षं वगळते. मुलगा शिकला, नोकरीला लागला, हे रिटायर झाले आणि मग गेले. मी मुलाजवळ द्वारकेत राहायला आले. संक्रांतीला मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबला जाते. तिथल्या स्मारकावर फुलं वाहायची, दोन भाषणं ऐकायची, डबे खायचे आणि संध्याकाळपर्यंत परत. त्या वर्षी मी बसमध्ये चढले तर तिसऱ्या सीटवर वहिनी. केस पांढरे झालेले, आखूड कापलेले, पण बसण्याची ढब तीच. मला पाहून सरकल्या आणि म्हणाल्या, या ताई, बसा.

सोनपतपर्यंत छान बोलणं झालं. यजमान आठ वर्षांपूर्वी वारले. मुलगी इंजिनिअर, मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या फॅक्टरीत नोकरी, घर गुडगावला. तिला सातवा लागला होता आणि वहिनी तिच्याकडे राहायला आल्या होत्या, घर तयार करायला. मी विचारलं, काय काय केलं? तर म्हणाल्या, आता सगळं ऑनलाइन येतं हो, लंगोटसुद्धा. पण पाळणा आहे आपला. तोच. माझी मुलगी त्यातच वाढली, आता तिचं बाळ वाढेल.

मला खरंच बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी त्यांचा हात धरला. त्यांनी हात धरू दिला, पर्समधून तिळगूळ काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि हसत म्हणाल्या, "तुमच्या घरी चालला नव्हता ना तो."

रागाने नाही म्हणाल्या. जुनी गंमत सांगावी तसं म्हणाल्या. पण माझे कान तापले. पुढचा सगळा रस्ता मी खिडकीबाहेर उसाच्या ट्रॉल्या बघत धुमसत होते. मी, आणि जात मानते? मी माझ्या भाचीचं आंतरजातीय लग्न लावून दिलं होतं, भावाशी भांडून. आणि ही बाई तीस वर्षं मला तसली समजते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तसं समजू कुणी दिलं, हे मी सोयीने विसरले होते. तिथेच ठरवलं की आता हा डाग पुसायचाच. त्यांना खरं सांगायचं. मला वाटलं, त्यांनाही बरं वाटेल.

पुढच्या आठवड्यात फोन करून मी गुडगावला गेले. दार मुलीने उघडलं, चांगली उंच, हसरी पोरगी, सात महिन्यांचं पोट. "या ना आंटी, मम्मी बाल्कनीत आहे," म्हणाली. तिला डॉक्टरकडे जायचं होतं, ती चहा ठेवून नवऱ्याबरोबर बाहेर पडली.

बाल्कनीत उन्हात वर्तमानपत्रं पसरून वहिनी पाळण्याला पॉलिश पेपर घासत होत्या. फळीवर आता अकरा खिळे होते. अकरावा त्यांनी मुलीच्या नामकरणाला ठोकला होता. "तिला लहानपणी सांगायचे मी," वहिनी म्हणाल्या, "पाळणा चांगला आहे, खराब आहेत ती माणसं." आणि मग चटकन, "तुमच्याबद्दल नाही हो."

माझ्याबद्दलच होतं. मी खुर्चीच्या कडेवर बसले आणि आठ दिवस घोकलेलं बोलून टाकलं. म्हटलं, "वहिनी, जातीमुळे नव्हतं. देवाशपथ नव्हतं. मला भीती वाटली होती. तुमचं बाळ गेलं होतं त्यामुळे."

त्यांचा घासणारा हात थांबला. खाली पार्कमध्ये मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. मी वाट पाहत होते की त्या म्हणतील, असं होय, जाऊ द्या. मला तेच ऐकायचं होतं. इतक्या लांब मेट्रो बदलून त्यासाठीच आले होते.

"जात म्हटल्यावर मला राग आला होता," वहिनी म्हणाल्या. त्या पाळण्याकडेच बघत होत्या. "आणि राग आला म्हणून मी उठून उभी राहिले, ताई. मुलगी झाली तेव्हा सासरची सगळी म्हणत होती की हा पाळणा नको. मी म्हटलं, का नको? पाळण्यात काय आहे? लोकांनी जातीवरून नाकारलाय, मी कशाला नाकारू? आणि घातलं तिला त्यात. एकदासुद्धा भीती वाटली नाही."

त्यांनी अंगठ्याने दहाव्या खिळ्यावरची पूड पुसली.

"आणि तुम्ही जातीला नाही," त्या म्हणाल्या, "माझ्या बाळाला घाबरला होतात."

मी म्हटलं, वहिनी, माझी चूक झाली, मी मूर्ख होते, घाबरट होते. माझ्या सासूची दोन गेली होती, तिसरा त्याच पाळण्यात वाढला. हेही सांगितलं, जणू त्याने काही भरून येणार होतं. त्या ऐकत होत्या की नाही कोण जाणे. त्यांनी पॉलिश पेपर घडी करून वर्तमानपत्रावर ठेवला, हाताची पूड झटकली आणि आत जाऊन दोन कप चहा गाळून आणला. चहा पिताना त्यांनी माझ्या मुलाची, सुनेची चौकशी केली. निघताना दारापर्यंत आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "हे माझ्या मुलीला कळू देऊ नका."

परतीच्या मेट्रोत मला उभं राहावं लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तसं झालं, फक्त अवलक्षण माझ्या वाट्याला आलं नाही, त्यांच्या आलं. ज्या रागावर त्या बाईने एक मूल वाढवलं होतं तो राग मी काढून घेतला, तोही मला कुणी वाईट म्हणू नये म्हणून. पहिल्या वेळी मी निदान घाबरलेली होते. ह्या वेळी तेही कारण नव्हतं.

मार्च संपता संपता मी फोन केला. मुलगी झाली होती, दोघी बऱ्या होत्या, नामकरण घरच्या घरी उरकलं होतं. वहिनी नेहमीसारख्या बोलत होत्या. फोन ठेवता ठेवता मी विचारू नये ते विचारलं, बाळ पाळण्यात झोपतं का?

"नाही," त्या म्हणाल्या. "आईजवळच झोपते. पाळणा नको म्हटलं मी. उगाच कशाला."